हे ठेवू गा

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नव्हती. बायकोला नाही, तीस वर्षं जुन्या मित्रांना नाही. आणि ज्या बाईंना सगळ्यात आधी सांगायला हवी होती, त्यांनी तोंडावर विचारलं तेव्हा तर मी सरळ खोटं बोललो. आता लिहायला बसलो आहे, तरी हात भलतीकडेच वळतो आहे. स्टुडिओचं सांगावं, उन्हाचं सांगावं, चक्कीचं सांगावं... सांगू द्या थोडं. त्या वाटेनेच मला मुद्द्यापाशी येता येईल, दुसरी वाट मला दिसत नाही.

माझा स्टुडिओ नागपुरात सक्करदऱ्याला एका पिठाच्या चक्कीच्या वर आहे. दोन खोल्या. एकीत मी आणि माझी यंत्रं, दुसरीत गाणारा. मध्ये काच. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. चक्की सुरू असली की फरशी थरथरते आणि तो थर्रर्र आवाज माईकमध्ये येतो, म्हणून चक्कीवाला दुपारी एक ते चार जेवायला आणि झोपायला जातो तेवढ्या वेळातच माझं रेकॉर्डिंग चालतं. भजनी मंडळं, भीमगीतं गाणारे, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, रिक्षावर लावायच्या जाहिराती. तीस वर्षं हेच केलं. मे महिन्यातसुद्धा. कूलरचा आवाज येतो, म्हणून तोही बंद ठेवावा लागतो.

माझी एक पद्धत आहे आणि ही सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे, म्हणून नीट सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका भजनी मंडळाशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. एकाच अभंगाचे चार टेक झाले होते आणि कॅसेटवर गेला तो नेमका बुवांना खोकला आलेला. बुवा म्हणाले, हा ठेवू नका म्हणून मी सांगितलं होतं. मी म्हणालो, तुम्ही हाच ठेवा म्हणालात. खरं कोण बोलत होतं ते आजही मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी नियम केला. टेक संपला की गाणाऱ्याने माईकसमोरून हलायचं नाही, तिथेच बोलून सांगायचं. हे ठेवू. किंवा, हे ठेवू नको. म्हणजे त्याचा निर्णय त्याच्याच आवाजात त्याच फाईलमध्ये राहतो. पुन्हा वाद नाही. सगळ्या नागपुरात ही माझी ओळख झाली. लोक थट्टा करायचे, पण विश्वासही ठेवायचे. ‘त्याच्याकडं बोललेलं बदलत नाही,’ असं म्हणायचे.

अमोल माझ्याकडे आला तेव्हा पंचविशीचा होता. धंतोलीतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबमध्ये पोचवायचं काम करायचा, मोटरसायकलच्या मागे बर्फाचा डबा बांधून. दुपारी तासभर सुटी मिळाली की तो डबा घेऊनच जिना चढायचा. रॅप करायचा, आपल्या बोलीत. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे शब्द तोवर मी गाण्यात फक्त विनोदासाठी वापरलेले ऐकले होते. त्याने ते जसे घरी बोलतो तसे वापरले. नाव घेतलं होतं ‘तर्री’. पोह्यांवर ओततात ती, झणझणीत.

पहिल्याच दिवशी मी कूलर बंद केला तेव्हा काचेपलीकडून ओरडला, “भाऊ, काहून मारून राहिला गा मले? मी मेलो तं गाणं कोण म्हणन?”

“गाणं म्हण आधी,” मी बटण दाबून त्याच्या हेडफोनमध्ये म्हणालो. “मंग मर.”

हसला. ओला दुपट्टा डोक्यावर घेतला आणि एका दमात म्हणून गेला. शेवटी पद्धतीप्रमाणे, “हे ठेवू गा भाऊ, झकास!”

हा ‘गा’ बाहेरच्या माणसाला उद्धट वाटतो. तसा तो नाही. आमच्याकडे पुरुषाला जवळचं म्हणून हाक मारायची ती अशी. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान होता, पण तो ‘गा’ म्हणाला की मला बरं वाटायचं. हे सांगायला हवं का? कदाचित नको होतं. माझी त्याच्यावर माया होती हे सांगून मी काहीच हलकं करू शकत नाही.

दोन वर्षांत आठ गाणी झाली. उन्हावर, पोह्यांवर, त्याच्या बर्फाच्या डब्यावर, लग्नातल्या डीजेवर. सगळी मजेची, आणि त्या मजेच्या पोटात काहीतरी टोचणारं. प्रत्येकाच्या शेवटी ‘हे ठेवू गा भाऊ’. कुठलंच बाहेर आलं नव्हतं. तो म्हणायचा, दहा झाली की काढू.

नववं गाणं त्याने त्याची आई गेल्यावर तेराव्या दिवसानंतर केलं.

त्यांचं घर दिघोरीला, उमरेड रोडला लागून. आईला अर्धांगवायू झाला होता आणि खिडकीपाशी तिची खाट होती. थोरली बहीण वैशाली, भिवापूरला दिलेली. तिकडून येणाऱ्या बस घरासमोरूनच जायच्या. साडेचारची बस दिसली की आई रोज त्याला बाहेर पाठवायची, ताई आली का बघ म्हणून. ताई शेवटच्या महिन्यांत येऊ शकल्या नाहीत. का, ते अमोलला तेव्हा माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

त्या दुपारी तो आला, कूलरवरून भांडला नाही. सरळ माईकसमोर जाऊन बसला. एरवी उभा राहून म्हणायचा. एकच टेक झाला, मागे ताल नाही, काही नाही.

साडेचारले माय म्हणे, पाय बरं कोण उतरलं
ताई, तुह्या गावच्या बसनं आमचं घर विसरलं

हे त्यातलं सगळ्यात सौम्य. पुढचं मी इथे लिहीत नाही. बहिणीला भाऊ जे एकांतात, तेही रागाच्या भरात बोलेल, ते सगळं त्यात होतं. नाव घेऊन होतं. तोवर माझ्या त्या खोलीत इतकं खरं काही कुणी म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी, गाणं संपायच्या आत, माझ्या मनात आलं होतं की हे रेकॉर्डिंग माझं आहे. माझ्या हातून झालेलं.

गाणं संपल्यावर अमोल खुर्चीत जरा सरकला. मग पद्धतीप्रमाणे बोलला.

सांगतो. पण ते सांगण्याआधी एक सांगायचं राहिलं.

त्यानंतर सात महिन्यांनी अमोल डेंग्यूने गेला. नऊ दिवस धंतोलीत दवाखान्यात होता, ज्या गल्ल्यांतून तो दुसऱ्यांचे नमुने न्यायचा त्यांतल्याच एका गल्लीत. त्याच्या गाण्यांचे बीट, म्हणजे मागचा ताल, बनवणारा रोशन आणि बाकीची मित्रमंडळी माझ्याकडे आली. वर्षश्राद्धाला त्याचा अल्बम काढू म्हणाली. आठ गाणी आहेत, तेवढी पुरे. मी वैशालीताईंना फोन केला. आता घरातलं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, काढा. मी आठही गाणी त्यांच्या फोनवर पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “भाऊ, त्याचं हसू आहे ना त्याच्यात. चांगलं करून राहिले तुम्ही.”

नववं मी पाठवलं नाही. विसरलो नाही. पाठवलं नाही.

अल्बमचं नावही ठरलं होतं, ‘हे ठेवू गा’. कल्पना रोशनची. प्रत्येक गाण्याच्या शेवटी अमोलचे ते शब्द तसेच ठेवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला कळेल की हे त्याने स्वतः पसंत केलेलं आहे, मेल्यानंतर कुणी उकरून काढलेलं नाही. फार सुंदर कल्पना होती ती. मी मान डोलावली आणि घरी जाऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी चक्की बंद झाल्यावर मी नववी फाईल उघडली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला त्या गाण्याची कल्पनाही नव्हती. आठ गाणी लोक ऐकतील, हसतील, वाहवा म्हणतील आणि विसरतील, हे मला दिसत होतं. नववं विसरणार नाहीत. अमोलचं नाव राहावं म्हणून केलं, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगितलं. पण मला ते गाणं हवं होतं. एवढंच आहे ते.

गाण्याच्या शेवटी तो म्हणाला होता, “हे ठेवू नोको गा भाऊ. ताईच्या मनाले लागन.”

त्यापुढेही थोडं आहे. ते शेवटी लिहितो, लिहवलं तर.

आधी मी ते सगळंच कापलं आणि दुसऱ्या गाण्यातलं ‘हे ठेवू गा भाऊ’ तिथे आणून लावलं. जमेना. तो आवाज हसरा होता, या गाण्याखाली उघडा पडत होता. मग मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं परत आणलं आणि पडद्यावर त्याच्या आवाजाची लाट बघत बसलो. हे. ठेवू. नोको. गा. भाऊ. पाच उंचवटे. मधला एक काढला तर?

तुम्ही करून बघा. व्याकरणसुद्धा बिघडत नाही. ‘ठेवू’ तोच राहतो, ऱ्हस्वदीर्घाचाही फरक पडत नाही. पुढे ‘नोको’ असला की ती मनाई आणि नसला की तो बेत. ‘ठेवू’ आणि ‘गा’च्या मधला सांधा ऐकू येऊ नये म्हणून मी त्याचाच एक श्वास दुसऱ्या गाण्यातून आणून तिथे बसवला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. मी चांगला कारागीर आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, रडू आवरत असलेला माणूस निश्चयाने म्हणतो आहे — हे ठेवू गा भाऊ.

रोशनला ऐकवलं तेव्हा त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, “हे कधी केलं गा भाऊ त्यानं? आम्हाले तं बोलला नाही. लय पोहोचलेला होता लेकाचा.” आणि मग, “ताईले आइकवलं?”

“ऐकवलं,” मी म्हणालो. हे पहिलं खोटं.

कार्यक्रम एका सभागृहात झाला. शे-दीडशे माणसं असतील. पहिल्या रांगेत वैशालीताई, भिवापूरहून सकाळच्याच बसने आलेल्या. सुरुवातीला त्यांचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ त्यांना मीच दिलं. माझ्याच हाताने. त्या ते नारळ मांडीवर घेऊन बसल्या आणि आम्ही गाणी लावली. आठ गाण्यांत लोक शिट्ट्या मारत होते. ताई हसत होत्या, पदराने डोळे टिपत होत्या, पुन्हा हसत होत्या. मग नववं लागलं.

मी बाजूला उभा होतो. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यात स्वतःचं नाव आलं तेव्हा त्या हलल्या नाहीत. फक्त दोन्ही हातांनी नारळ धरला. मागे बायका रडत होत्या. शेवटी ‘हे ठेवू गा भाऊ’ आलं आणि सगळे उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. ताईही उभ्या राहिल्या. सगळे उभे राहिल्यावर बसून कसं राहणार?

लोक पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. शाल अजून खांद्यावरच होती.

“भाऊ, एक पुसू का?” आमच्याकडे विचारण्यालाही पुसणं म्हणतात. “त्यानं खरंच म्हटलं का, ठेवू म्हणून?”

आता बघा. इथे मला कुणी कोंडलं नव्हतं. त्यांनी रागावून विचारलं नव्हतं. त्या मला वाट करून देत होत्या. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? गाणं काढावं लागलं असतं. रोशनसमोर, सगळ्यांसमोर लाज गेली असती. चार दिवस लोक बोलले असते. बस.

“हो,” मी म्हणालो. “तुम्ही ऐकलंच ना ताई. त्याच्याच तोंडचं आहे.”

त्यांनी मान हलवली. “मंग ठीक आहे,” म्हणाल्या. “त्याची इच्छा होती तं ठीक आहे.” आणि बसची वेळ झाली म्हणून निघाल्या.

गाणं पसरलं. बाकीची आठ आता कुणाला आठवत नाहीत, मला वाटलं होतं तसंच झालं. नागपुरात ‘साडेचारची बस’ म्हटलं की लोकांना कळतं. भिवापूरसारख्या गावात ती ताई कोण हे कळायला किती वेळ लागणार? रोशन मधूनमधून सांगायचा. बाजारात बायका त्यांना विचारतात, तुमच्यावरचंच ना वं ते? त्यांची सासू म्हणते, भाऊ मरता मरता सांगून गेला. त्यांनी नागपूरला येणं सोडलं. दिघोरीचं घर बंद पडलेलं आहे, ते बघायलाही येत नाहीत. मी हे सगळं ऐकायचो आणि ‘अरेरे’ म्हणायचो. तीन वर्षं ‘अरेरे’ म्हटलं.

मला पश्चात्ताप होऊन मी जागा झालो असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. दोन महिन्यांपूर्वी बाहेरच्या एका कंपनीने अल्बम नव्याने काढायचं ठरवलं आणि मूळ फायली मागितल्या, न कापलेल्या. मी घाबरलो. पाठवल्या तर त्यांचा कुठलाही जाणकार माणूस पाच मिनिटांत ओळखेल. म्हणून नववी फाईल नष्ट करायला मी ती उघडली, तीन वर्षांत पहिल्यांदाच. नष्ट करायच्या आधी एकदा ऐकली. का ऐकली, ते सांगता येत नाही. ऐकली, आणि शेवटी जे आहे ते ऐकल्यावर मला बटण दाबता आलं नाही. चार वाजले, खाली चक्की सुरू झाली, तरी मी तिथेच बसून होतो.

पुढच्या आठवड्यात लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घालून मी भिवापूरच्या बसमध्ये बसलो.

ताई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, “या भाऊ,” म्हणून खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं, जेवढं वर लिहिलं आहे तेवढं. त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या. मग हात धुऊन आल्या आणि हेडफोन घातला. मी फाईल लावली. मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांच्याकडे बघत होतो आणि बघायचंही नव्हतं. हाताची मिरची पाण्याने जात नाही. त्यांना डोळेसुद्धा पुसता येत नव्हते, मनगटाने टिपत होत्या.

संपलं. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. गाणं नको, शेवटचं तेवढंच. मी तेवढंच लावलं. चार वेळा.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी लिहीत नाही. त्यांच्या घरातलं एकदा मी त्यांना न विचारता जगाला ऐकवलं आहे. फाईल त्यांच्याकडे ठेवून आलो. कंपनीला नकार कळवला आणि का, तेही लिहून कळवलं. रोशनला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला, तेव्हापासून उचलत नाही. गाणं मी जिथून काढता येतं तिथून काढलं. लोकांच्या फोनमध्ये आहे, ते तिथेच राहणार. त्यातला ‘नोको’ मी कुठल्याच फोनमध्ये परत घालू शकत नाही.

आता राहिली ती फाईल. काहीही न कापता लिहितो.

गाणं संपतं. सात-आठ सेकंद काहीच नाही. खुर्ची करकरते. त्याचा श्वास येतो. मग तो म्हणतो, “हे ठेवू नोको गा भाऊ. ताईच्या मनाले लागन.” थोडं थांबतो. “मी रागात होतो.” आणि मग एक दुसरा आवाज आहे, त्याच्या हेडफोनमधून गळून माईकमध्ये आलेला, बारीक पण स्पष्ट. तो माझा आहे.

“बरं गा,” मी म्हणतो. “पुसतो.”